‘शिवारात डिस्को’चा हिरो

जालिंदर सेक्रेटरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते चारा छावणीच्या फाटकात. पांढऱ्या गाडीतून उतरलेला कुणा पुढाऱ्याचा पाहुणा त्यांना सांगत होता, की आपली बारा जनावरं आहेत, तेवढी लिहून घ्या. जनावरं कुठं आहेत असं विचारल्यावर तो म्हणाला, "येतील मागून."

"मग तुमी बी मागूनच या," सेक्रेटरी म्हणाले आणि फाटकाची दोरी लावून पेंडीच्या पोत्यांकडं निघून गेले.

दोन हजार सोळाच्या दुष्काळातली ही गोष्ट. वडवणीच्या अलीकडं एका माळावर गावच्या दूध संस्थेनं छावणी चालवायला घेतली होती. मी पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक. लसी टोचायला आणि आजारी जनावरं बघायला मला तिथं नेमलं होतं. लोक मला डॉक्टर म्हणायचे, आणि मी डॉक्टर नाही हे सांगायचा नाद मी केव्हाच सोडला होता.

जालिंदर त्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं सडपातळ, केस पार बारीक कापलेले. चालणं असं ताठ की डोक्यावर भरलेली घागर आहे की काय असं वाटावं. दुधात पाणी घातलं म्हणून सख्ख्या मेव्हण्याचं दूध त्यांनी चारचौघांत परत केलं होतं. लोक त्यांना भ्यायचे, आणि अडीअडचणीला पहिले त्यांच्याकडंच यायचे.

हसताना मात्र त्यांना कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. वरातीत पोरं नाचायला लागली की हे लांब, बॅन्जोवाल्यांच्या गाडीमागं हात बांधून उभे. पोटच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी हाताला धरून ओढलं, तर म्हणाले, "गुडघ्याचा त्रास हाय," आणि खुर्चीत जाऊन बसले. त्याच गुडघ्यावर ते रोज सकाळी पेंडीची पोती उचलताना मी बघत होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. माजलगावकडच्या एका गावातून बायनाबाई नावाची साठीतली विधवा एक गाय आणि एक कालवड घेऊन छावणीत आली होती. चारावाटप सेक्रेटरी स्वतः उभं राहून करायचे. उसाची मोळी हातानं तोलून द्यायचे. पण बायनाबाईच्या दावणीपाशी आले की दुसऱ्या कुणाला तरी पुढं करायचे आणि आपण तोंड फिरवून पुढं जायचे. मला वाटलं, जुनं काही भांडण असेल.

ऊन तापायला लागल्यावर छावणीत दुपार काढणं फार अवघड असायचं. जुन्या लुगड्यांच्या सावलीत माणसं जनावरांशेजारी नुसती पडून राहायची. अशाच एका दुपारी कडेच्या दावणीवर मोठा हशा उठला. जाऊन बघतो तर आठदहा माणसं एका मोबाईलवर वाकलेली. मोबाईलच्या पडद्यावर सटवा नावाचा एक पोरगा आणि गार्गी नावाची एक मुलगी बसून बोलत होती. सटवा आपल्याच भागातला, त्याची बोली सगळ्यांच्या ओळखीची. गार्गी पुण्याची. पडलेले जुने पिक्चर हुडकून काढायचे, ते लावायचे, मध्येमध्ये थांबवायचे आणि त्यांची चेष्टा करायची, हे यांचं काम. कार्यक्रमाचं नाव ‘पडीक पिक्चर’. आणि त्या दिवशीचा पिक्चर होता ‘शिवारात डिस्को’. सत्त्याऐंशी सालचा, आपल्याच जिल्ह्यात काढलेला.

मीही वाकलो. पडद्यावर एक पोरगा नाचत होता. खांद्यापर्यंत कुरळे केस, अंगात चकाकणारा सूट. मागं दोन ट्रॅक्टर उभे, आणि कुणीतरी त्यांचे दिवे लावत-विझवत होतं.

"हा सूट नाही," गार्गी म्हणाली. "हा चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद आहे. हिरो घामाघूम झाला की त्याचा चहा होणार."

"आन् हिरॉईन बगा," सटवा म्हणाला. "पहिल्या गाण्यात येक हाय, दुसऱ्या गाण्यात दुसरीच. हिरोला फरक कळंना. ह्याला म्हणायचं खरं प्रेम!"

पिक्चरची गोष्टही अजबच. सावकार गावाला विहिरीचं पाणी देत नाही. हिरो मुंबईहून डिस्को शिकून येतो आणि सावकाराला म्हणतो, नाचात मला हरवून दाखव. सावकाराचं काम करणारा माणूस एवढा जाड होता की तो हात वर करायचा तेव्हा कॅमेराही हलायचा. आम्ही पोट धरून हसलो. शेवटी सटवा म्हणाला, "पावसाचं शेवटचं गाणं आज न्हाई. ते आमी लोकांसमोर दावणार, पडदा लावून."

मागं वळलो तर सेक्रेटरी उभे होते. चेहरा राखेसारखा झाला होता. आल्या पावली ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी फाटकावर फळा लागला : ‘छावणीत मोबाईल मोठ्यानं लावू नये. जनावरं बुजतात.’

मी त्यांना म्हणालो, "सेक्रेटरी, माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मोबाईलला बुजलेलं जनावर मी नाही पाहिलं."

"आमची बुजत्यात," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मोटारसायकलवरून वडवणीला निघालो होतो. चाऱ्याच्या गाड्या आल्या नव्हत्या, त्याची चौकशी करायची होती. वाटेत एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"डॉक्टर, येक इचारू? छावणीत करमणुकीचे कार्यक्रम करायला मनाई हाय, आसं काही पत्र तुमच्या खात्याकडून निघतं का?"

"नाही बुवा. कावून?"

ते लिंबाच्या मुळांवर बसले आणि म्हणाले, "त्या सटवाचा फोन आलता. त्याच्या मामाची जनावरं आपल्या छावणीत हायत. म्हणतो, लोक तिथं अडकून पडलेत, आमी येतो आन् फुकट कार्यक्रम करतो. पडद्यावर त्यो पिक्चर दावतो. सेक्रेटरी म्हून तुमची परवानगी पायजे."

"मग द्या की."

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्यो नाचणारा मी हाय."

मी त्यांच्या बारीक कापलेल्या डोक्याकडं बघितलं आणि तिथं ते कुरळे केस ठेवून पाहिले. नाक तेच होतं.

मग त्या लिंबाखाली त्यांनी सगळं सांगितलं.

जालिंदर मूळचे माजलगावकडचे. तरुणपणी अंगात नाच एवढा, की माजलगावच्या टॉकीजमध्ये पाहिलेला नाच दुसऱ्या दिवशी गणपतीपुढं जसाच्या तसा करून दाखवायचे. गावात फोटो स्टुडिओ चालवणारे सुंदरराव होते. कोल्हापूरला एकदा शूटिंग बघून आल्यापासून त्यांना पिक्चर काढायचं वेड लागलं होतं. तो जमानाच सहकाराचा. सुंदरराव म्हणाले, कारखाना सहकारी, दूध सहकारी, सूतगिरणी सहकारी, मग पिक्चर सहकारी का नको? त्यांनी खरोखरच लोक जमवले. कुणी ज्वारी दिली, कुणी ट्रॅक्टर, कुणी जनरेटर, एकानं तर बोकड दिला. हिरो म्हणून जालिंदरला घेतलं, कारण तो घरचाच होता आणि फुकट होता.

शूटिंग सुरू झालं तोवर दुष्काळ पडला. गावाबाहेर रोजगार हमीवर पाझर तलाव खोदायचं काम चाललं होतं, तेही मधेच बंद पडलं. मजूर घरी बसले. सुंदररावांनी त्यांनाच बोलावलं. हिरोच्या मागं रांगा करून नाचायचं, आणि संध्याकाळी सभासदांनी दिलेल्या ज्वारीतलं मापभर घेऊन जायचं. शेवटचं गाणं त्या कोरड्या तलावातच घेतलं. गाण्यात हिरो नाचतो आणि पाऊस पडतो. एका सभासदाच्या विहिरीला थोडं पाणी होतं. तिथून टँकर भरून आणला, बांधावर उभा केला आणि पाइपातून पाऊस पाडायचं ठरलं.

"टँकर सुटला, आन् मी घसरून पडलो," जालिंदर म्हणाले. "चिखल झालता खाली. तोंडावरच पडलो. सगळा कागद फाटला. मग दुसरा कागद चिकटवला आन् दुसरा टँकर आणला. दोन टँकर, डॉक्टर. त्या साली बाया घागरभर पाण्यासाठी कोस कोस जात हुत्या."

पिक्चर कसाबसा पुरा झाला. नारायणगडच्या यात्रेत तंबू लावून दाखवला. जालिंदर नवा शर्ट घालून पुढं बसले होते. पहिल्याच गाण्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या, दुसऱ्याला शेंगांची टरफलं फेकली. कुणीतरी ओरडलं, "घरी जा बे, डिस्को!" ते मधेच उठून बाहेर आले. शेवटचं गाणं त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

"शिट्ट्यांचं मला काही न्हाई," ते म्हणाले. "नाच वाईट हुता, मला बी दिसत हुतं. पर बाजारात येक म्हातारा भेटला. चांगला माणूस, आमच्याच भावकीतला. त्यो म्हणाला, जालिंदर, तुज्या नाचापायी दोन टँकर पाणी मातीत गेलं. बस. त्या दिवसापासून मला रातचं त्या पाण्याचा आवाज यायचा, डोळा म्हून लागायचा न्हाई."

त्यांनी केस कापले. लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या गावाला येऊन राहिले, दूध संस्थेत लागले. पुन्हा कधी पायात ठेका धरला नाही.

"आन् बायनाबाई?" मी विचारलं.

"तिचा मालक आन् ती, दोघं बी माझ्या मागं नाचायला हुते. रोजगार हमीवरले. तिनं मला वळखलं तर ती काय म्हणंल? पाणी वततानाचं तिनं डोळ्यांनी बघितलंय."

 मी एवढंच म्हणालो, की परवानगीचं घरी विचारून बघा.

घरी सिंधुबाई. सेक्रेटरींच्या बरोबर उलट, सगळ्यांशी बोलणारी बाई. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं होतं. सेक्रेटरींनी ताटावर बसल्या बसल्या कार्यक्रमाचा विषय काढला, पिक्चरचं नाव न घेता.

"येऊ द्या की त्या लेकरांस्नी," सिंधुबाई म्हणाल्या. "जनावरांपाशी बसून बसून लोक जनावरावाणी गप झालेत."

"त्यो कार्यक्रम तसला न्हाई."

"मला ठावं हाय कसला हाय त्यो." त्यांनी भाकरी वाढली. "मला बघाया आलतात, तवाच मी तुमाला वळखलं. यात्रेत बघितला हुता तुमचा पिक्चर. आईला म्हणलं, लोक टरफलं फेकीत हुते, तरी हा पडद्यावर नाचतच हुता. करू दे ह्याच्याशी लगीन."

सेक्रेटरींचा हात ताटातच राहिला. "आन् इतक्या वर्सांत बोलली न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईत. मग मी कावून बोलू?"

मी खाली मान घालून जेवलो. थोड्या वेळानं सेक्रेटरी म्हणाले, "कळवतो त्यास्नी. या म्हणतो. पर मी पुढं बसणार न्हाई."

पोरं ठरल्या दिवशी आली. सटवा काटकुळा, बडबड्या. गार्गी चष्मा लावलेली, आल्या आल्या तिनं प्रत्येक वासराच्या डोक्यावरून हात फिरवला. या छावणीचा सेक्रेटरीच आपल्या पिक्चरचा हिरो आहे, याची दोघांना काहीच कल्पना नव्हती. "काका, तुमच्यामुळं झालं बघा," असं म्हणून सटवानं त्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा सेक्रेटरींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

संध्याकाळी दुधं काढून झाली, चारा टाकून झाला, आणि दोन खांबांना धोतर ताणून पडदा केला. सगळी छावणी येऊन बसली. पुढं बाया, मागं पुरुष, त्यांच्याही मागं जनावरं रवंथ करत उभी. सिंधुबाई नेमक्या बायनाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. सेक्रेटरी पार मागं, पेंडीच्या पोत्यांवर. मी त्यांच्या शेजारी.

पहिला अर्धा तास लोक मनसोक्त हसले. चहाचा कागद, दोन हिरॉइनी, जाड सावकार. सेक्रेटरी समोर बघत होते, पण बघत नव्हते.

मग शेवटचं गाणं आलं. भेगाळलेला तलाव, मधोमध चंदेरी जालिंदर, मागं धोतर-पटक्यातले मजूर आणि कासोटा घातलेल्या बाया, सगळे एकदम डावीकडं, एकदम उजवीकडं. वाजायला लागलं ढिशुम ढिशुम. आणि पाऊस सुरू झाला.

"पाऊस फक्त हिरोच्या डाव्या अंगावर पडतोय," गार्गी म्हणाली. "उजवं अंग अजून दुष्काळग्रस्त आहे."

हशा. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले.

"थांबा, आता खरी गंमत," ती म्हणाली. "हिरोकडं कुणी बघू नका. मागं बघा. मागं काय चाललंय?"

तिनं गाणं थोडं मागं नेऊन पुन्हा लावलं. या वेळी मी मागं बघितलं. पाणी सुटल्याबरोबर बायांची रांग फुटली. दोघी बांधाच्या आड गेल्या आणि घागरी घेऊन आल्या. मग चौघी. मग सगळ्याच. कुणी कळशी, कुणी डबा, एकीनं तर डोक्यावरची पाटीच पाण्याखाली धरली. एका बाईनं तर नाचणाऱ्या हिरोच्या पाठीमागं अगदी खेटून हंडा लावला. हिरो बिचारा तोंडावरच्या पाण्यानं डोळे मिटून कॅमेऱ्याकडं तोंड करून नाचतोय, आणि त्याच्या मागं पाणवठ्यासारखी झुंबड.

"जगातलं हे एकच डिस्को गाणं हाय," सटवा म्हणाला, "ज्याच्यात कोरसनं हिरोला सोडून पाणी भरलंय! आन् हा काका बगा, पटकेवाला. सगळं गाव पाण्याकडं पळतंय, आन् हा भरलेला हंडा घिऊन बरोब्बर उलट्या दिशेला! काका, घर तिकडं न्हाई, क्यामेरा हाय तिकडं!"

खरंच, खांद्यावर हंडा घेतलेला एक माणूस थेट कॅमेऱ्यावर चालून येत होता. गावकरी हसून लोळायला आले.

तेवढ्यात पुढून आवाज आला, "थांबीव रं पोरा! थांबीव! मागं घे!"

बायनाबाई उठून उभी राहिली होती. सटवानं चित्र थांबवलं. पटकेवाला पडद्यावर तसाच उभा राहिला.

"अरं, त्यो माजा मालक हाय!"

 गार्गीचा चेहरा उतरला. सटवानं हातातला माइक खाली घेतला. "आजी... चुकलं आमचं. आमाला ठावं नव्हतं..."

बायनाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती पडद्यापाशी गेली आणि धोतरावरच्या त्या तोंडावर तिनं हात ठेवला. मग वळली, आणि बघतो तर बाई हसत होती. नुसतं हसू नाही, पदर तोंडाला लावून, खांदे हलवून.

"राधाकिशन!" ती म्हणाली. "जन्मात कदी सरळ दिशेनं गेला न्हाई ह्यो! बाजाराला धाडला तर देवाला जायाचा, देवाला धाडला तर सोयऱ्याकडं! मी वरडत हुते मागून, अवं इकडं, इकडं! त्यो निगाला क्यामेऱ्याच्या पोटात!"

मग जो हशा पिकला तसा हशा मी त्या छावणीत पुन्हा ऐकला नाही. गार्गी हसताहसता रडायला लागली. बायनाबाई म्हणाली, "त्याचा फोटू न्हाई माझ्यापाशी. मतदानाच्या कारडावर हाय, पर त्यो त्याच्यावाणी वाटतच न्हाई. ह्यो बगा, ह्यो हाय त्यो."

माझ्या दंडाला कुणीतरी घट्ट धरलं होतं. सेक्रेटरी. त्यांनी हात सोडला, उठले, आणि गायी-बैलांतून वाट काढत थेट पुढं गेले. पडद्याच्या उजेडात त्यांना बघून लोक सावरून बसले. वाटलं, कार्यक्रम बंद करायला आले.

"बायनाबाई," ते म्हणाले.  "ते पाणी..."

"कुठलं?"

"टँकरचं. ते मातीत गेलं न्हाई?"

बायनाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं जसं एखाद्या खुळ्या पोराकडं बघावं. "मातीत? त्या साली? आवो दादा, आमी थेंब जाऊ दिला आसता व्हय! सुंदररावानं आदल्या दिशीच सांगितलतं, बायांनो, भांडी आणा, पर बांधाच्या आड ठिवा, क्यामेऱ्यात येऊ दिऊ नका. कुणाला धीर निघतोय? पाणी सुटलं की आमी पळालो."

"आन् मी पडलो, म्हून दुसरा टँकर..."

"तुमी पडलात, तवा तर आमी लई खूश झालतो!" ती म्हणाली. "बाया म्हणल्या, आता दुसरा टँकर येतोय. त्यो बी भरून घेतला की मग आमी समद्या देवाला हात जोडून उभ्या. म्हणलं, देवा, ह्यो डिस्कोवाला आजून येकदा पडू दे!"

सटवाचं तोंड उघडंच राहिलं. तो एकदा पडद्याकडं बघायचा, एकदा सेक्रेटरींकडं. "काका... म्हणजे हिरो... तुमी?"

"मग कोण?" बायनाबाईच म्हणाली. "मी पहिल्या दिशीच वळखलं. पर दादा तोंड फिरवायचे. म्हणलं, माणसाला काय तरी दुखतंय, आपुन कशाला खपली काढायची."

सेक्रेटरी उभे होते तिथंच खाली बसले, बायांच्या रांगेत, सिंधुबाईंच्या पायाशी. आणि हसायला लागले. आधी आवाजच येईना, नुसतं पोट हलत होतं. मग आवाज फुटला. एवढ्या कडक माणसाचं हसणं इतकं बारीक, किनरं असेल असं वाटलं नव्हतं. ते ऐकून सिंधुबाई हसल्या, त्यांच्यामुळं सगळे. डोळे पुसत ते म्हणाले, "पोरांनो, लावा पुन्यांदा. पहिल्यापास्नं लावा. मी ह्यो पिक्चर पुरा बघितलेला न्हाई."

पुन्हा लावला. या वेळी माइक सेक्रेटरींच्या हातात. सूट चिकटवायला मैद्याची खळ वापरली होती आणि शूटिंगच्या मध्येच एक शेळी त्यांची बाही चाटून गेली, हे त्यांनीच सांगितलं. पहिली हिरॉईन पळून गेली नव्हती, तिला ट्रॅक्टरचा धूर सोसला नाही. सावकाराचं काम केलेला माणूस खरं तर फार मवाळ होता, शिवी देताना दर वेळी माफी मागायचा. सटवा आणि गार्गी शेवटी प्रेक्षकांतच येऊन बसली. त्यांना बोलायला जागाच उरली नव्हती.

पावसाचं गाणं आलं तेव्हा मात्र सेक्रेटरींनी माइक मांडीवर ठेवला. ते पडद्यावर हिरोच्या मागच्या बायांकडं बघत राहिले. एक एक घागर भरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. कार्यक्रमाचं तिला कुणीतरी कळवलं होतं. मी शेजारीच एका बैलाचा खूर बघत होतो, त्यामुळं तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"आबा, मी तो व्हिडिओ मागंच बघितला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"तुज्या आईनं सांगितलं का तुला, की त्यो मी हाय?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? नाक दिसत नाही का?"

सेक्रेटरींनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मग फोनवर म्हणाले, "सासरी कुणी काय म्हणलं?"

"सासूबाई म्हणाल्या, मुलीचे वडील एवढे हौशी आहेत आणि लग्नात खुर्चीत बसून राहिले, हे काही बरं नाही."

"बारशाला बघू म्हणावं," सेक्रेटरी म्हणाले आणि फोन ठेवला.

गार्गीनं पटकेवाल्या राधाकिशनचं चित्र त्या पिक्चरमधून काढून, मोठं करून, चौकटीत घालून पाठवलं. थोडं धूसर आहे, हंडा चेहऱ्यापेक्षा ठळक आलाय. बायनाबाईनं ते गायीच्या दावणीवरच्या खांबाला बांधलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवायची आणि तोच किस्सा पहिल्यासारखाच हसत सांगायची. चारा वाटताना सेक्रेटरी आता तिच्या दावणीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. फाटकावरचा फळा कुणीतरी काढून टाकला होता, आणि कुणी काढला याची चौकशीही झाली नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या फोननंतरची दुपार. चारावाटपाची वेळ झाली, उसाची गाडी येऊन उभी राहिली, लोक रांगेला लागले आणि सेक्रेटरी कुठंच दिसेनात. शोधत गेलो तर पेंडीच्या पोत्यांना टेकून ते झोपले होते. भर उन्हाळ्यात, भर कामाच्या वेळेला. तोंड थोडं उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली, छातीवर हात. एवढ्या दिवसांत दुपारी पाठ टेकलेला हा माणूस मी पाहिला नव्हता.

मी उठवायला हात पुढं केला, तर बायनाबाईनं मला मागं ओढलं.

"निजू द्या, डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "मोळ्या आमी वाटून घेतो."

आणि खरंच त्यांनी वाटून घेतल्या. भांडण झालं नाही, कुणी जास्त उचललं नाही. लोक मोळी घेऊन त्यांच्या जवळून जाताना पावलं हळू टाकत होते.